धामणगावात जुनी पोर्ट उघडताना

मुलगा लंडनला, मुलगी लिस्बनला किंवा जावई जहाजावर असला, की कधीतरी घरात एक काळी, जड, रुंद खांद्यांची बाटली येते. लेबलावर साल असतं: १९७७, १९८५, १९९४. बघणारे आधी साल वाचतात, मग किंमत विचारतात, आणि बाटली शोकेसमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात जाऊन बसते. तिथेच तिची वाट लागायला सुरुवात होते. जुनी व्हिंटेज पोर्ट जोखायची तर सालाला पहिला मान देऊ नका. ती कुठे आणि किती गारव्यात राहिली हे आधी बघा; साल मागाहून. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आपल्या वऱ्हाडात तर हा क्रम मोडून चालतच नाही. जिनिंगवर कापूस जोखणारा माणूस गाडी कोणत्या गावची हे विचारत बसत नाही. ढिगात हात घालतो, मूठभर कापूस काढतो, चिमटीत ओढून धागा पाहतो, ओल पाहतो आणि मगच भाव बोलतो. बाटलीशीही असंच वागायचं.

आधी ती खरोखर व्हिंटेज आहे का ते तपासा, कारण पोर्ट या नावाखाली बरंच काही येतं. टॉनी नावाच्या पोर्टवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. ते वय झालं, साल नव्हे. ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’ असं लिहिलेलं असेल तर ती पिंपात चार ते सहा वर्षं राहून बाटलीत आलेली असते आणि बहुतेक वेळा लगेच प्यायलाच काढलेली असते. सगळ्यात चकवणारी म्हणजे कोल्येता. तिच्यावरही एकच हंगाम लिहिलेला असतो, पण ती लाकडात किमान सात वर्षं मुरलेली असते. लेबलावर द्राक्षांच्या हंगामाचं आणि बाटलीत भरल्याचं अशी दोन वर्षं दिसली तर सरळ वजाबाकी करा. दोन किंवा तीन आलं तर व्हिंटेज, चार ते सहा आलं तर लेट बॉटल्ड, सात किंवा त्याहून जास्त आलं तर कोल्येता. बुचाकडेही बघा. वर प्लास्टिकची टोपी असलेलं, हाताने उपटून निघणारं बूच असेल तर ती वर्षानुवर्षं ठेवायची बाटली नव्हे. व्हिंटेजचं बूच लांब, पूर्ण आत ठोकलेलं असतं.

इथे गोव्याची गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे पोर्ट म्हणून जी ओळखीची आहे ती बहुधा तिकडचीच. गोव्याच्या सहलीहून येताना लोक ‘पोर्ट वाइन’ लिहिलेली गोड लाल बाटली आणतात. चवीला ती बरी लागते, थंड करून प्यायला हरकत नाही, पण पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातल्या पोर्टशी तिचं नातं नावापुरतं. पोर्टो आणि दोरो ही दोन्ही नावं भारतातसुद्धा भौगोलिक मानांकनाखाली नोंदलेली आहेत. मुद्दा मानापमानाचा नाही. गोव्याची बाटली आणल्यावर लवकर संपवायची असते. ती वीस वर्षं कपाटात ठेवल्याने व्हिंटेज होत नाही, फक्त शिळी होते. ‘बाबांनी १९९८ साली पणजीहून आणलेली आहे, आता किती भारी झाली असेल’ असं कोणी म्हणालं तर त्याला वाईट न वाटेल अशा बेताने खरं सांगून टाका.

खरी व्हिंटेज मुरते ती तिच्या जडणघडणीमुळे. दोरो नदीच्या दोन्ही तीरांवर चढत्या पायऱ्यांसारखे कोरलेले दगडी मळे आहेत. मार्क्विस द पोंबाल या पोर्तुगीज मंत्र्याने १७५६ साली या प्रदेशाच्या सीमा कायद्याने आखून दिल्या. तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिझ अशा जातींची द्राक्षं ग्रॅनाइटच्या उथळ हौदात पायांनी तुडवतात. व्हिंटेजसाठी ही रीत काही घराण्यांत अजून टिकून आहे. रस आंबत असतो, पण त्यातली साखर पूर्ण संपायच्या आतच त्यात ७७ टक्क्यांचा द्राक्षांचा मद्यार्क ओततात. आंबण्याची क्रिया तिथेच थांबते. साखर उरते आणि मद्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जातं. लाकडात जेमतेम दोन वर्षं ठेवून ती काळ्या काचेत भरतात, आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य बाटलीतच जातं. तुरटपणा देणारे घटक आणि रंग एकमेकांना धरून हळूहळू तळाशी बसतात. बाटलीतला गाळ तो हाच. गाळ दिसला म्हणून बाटली बिघडली असं समजून कोणी ती ओतून दिली, तर त्याच्यासारखा अभागी तोच.

दरवर्षी व्हिंटेज निघत नाही. हंगाम चांगला उतरला तरच घराणी ते साल जाहीर करतात, दहा वर्षांत सरासरी तीनदा. आणि पोर्टो शहरातल्या सरकारी संस्थेने नमुना चाखून मान्यता द्यावी लागते. १९६३, १९७०, १९७७, १९९४, २०११ ही नावाजलेली वर्षं. २०१६ आणि २०१७ तर लागोपाठ जाहीर झाली, हे क्वचित घडतं. पण १९७५ही मोठ्या थाटात जाहीर झालं होतं, आणि त्या सालच्या बहुतेक पोर्ट हलक्या निघाल्या, लवकर म्हाताऱ्या झाल्या. म्हणून साल म्हणजे निकाल नव्हे, अंदाज. १९७० किंवा त्याआधीच्या बाटलीवर इंग्लंडमधल्या एखाद्या व्यापाऱ्याचं नाव दिसलं तर नकली समजू नका. तेव्हा पिंपं जहाजाने इंग्लंडला जात आणि तिथे बाटल्या भरत. पोर्तुगालमध्येच भरण्याची सक्ती त्यानंतर, १९७०च्या दशकाच्या मध्याला आली.

आता बाटली हातात घ्या, उजेडासमोर धरा आणि पातळी पहा. तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या अगदी वरच्या टोकाला असेल तर उत्तम. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बूच गळलं आहे, हवा आत गेली आहे. बुचावरच्या आवरणाखाली चिकट, गुळाच्या पाकासारखा ओघळ लागतो का ते बोटाने तपासा. बूच मानेतून किंचित वर आलेलं असेल तर बाटली कधीतरी चांगलीच तापली असं समजा: उष्णतेने वाइन फुगते, बूच ढकलते, निवली की आकसते आणि जाताजाता बाहेरची हवा आत ओढून घेते. हा खेळ दोन-चार उन्हाळे झाला की आतलं फळ शिजून जातं. जुन्या बाटल्यांवर कधी चुन्याचा पांढरा फराटा असतो. तो डाग नव्हे, खूण आहे: तळघरात बाटली आडवी असताना ही बाजू वर होती. गाळ तिच्या समोरच्या बाजूला चिकटलेला असतो.

आपल्या घरांचं काय? स्लॅबच्या घरात एप्रिल ते जून माळ्यावर किंवा कपाटात ठेवलेली बाटली भाजून निघते. मातीच्या जाड भिंतींचा जुना वाडा बरा, पण पोर्टला लागतो तो १२ ते १५ अंशांचा, न हलणारा गारवा, आणि तो आपल्याकडे वाड्यातही नाही. कूलरच्या खोलीची कल्पना सोडून द्या; कूलर बंद पडला की खोली पुन्हा तापते, आणि वरखाली होणारं तापमान हे नुसत्या उष्णतेपेक्षा वाईट. वाइनसाठीचा वेगळा फ्रिज असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर घरच्या फ्रिजमधला भाजीचा कप्पा, बाटली आडवी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. काही महिने हे चालतं. वर्षानुवर्षं नाही, कारण फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच सुकतं. माझं स्पष्ट मत असं, की वऱ्हाडात व्हिंटेज पोर्ट मुरवत ठेवण्याचा सोस करूच नये. मुरलेली आणावी आणि त्याच हिवाळ्यात उघडावी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे संध्याकाळी खोली आपोआप १८-२० अंशांवर येते, आणि पोर्ट प्यायचं तापमान १६ ते १८ अंश. जराशी अजून गार हवी असली तर बाटली अर्धा तास ओसरीवर ठेवा. बर्फ मात्र घालू नका.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा; दोन दिवस आधी केलीत तर आणखी चांगलं. गाळ तळाला बसायला वेळ हवा. १९९०च्या आधीच्या बाटल्यांच्या मानेवर शिशाचं आवरण असू शकतं, म्हणून आवरण नुसतं वरून न कापता पूर्ण काढून टाका आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने नीट पुसा. जुनं बूच भुसभुशीत झालेलं असतं. नेहमीचा स्क्रू त्यात घातला की वरचा अर्धा भाग हातात येतो आणि खालचा तिथेच राहतो. दोन पातळ पात्यांचा, बुचाच्या दोन्ही कडांनी सरकवायचा ओपनर मिळतो; मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवून ठेवा. तो नसेल आणि बूच तुटलंच तर तुकडा आत ढकलून द्या, काही बिघडत नाही, ओतताना मलमलमधून गाळता येतं.

ओतण्याचं काम सावकाशीचं. मोठा काचेचा जग किंवा सुरई घ्या, गरम पाण्याने विसळून निथळत ठेवलेली, साबणाचा वास नसलेली. मलमलचं फडकं नवं असेल तर ते उकळून धुऊन घ्या. नव्या कापडाच्या खळीचा वास वाइनला लागतो. चहाची गाळणी चालणार नाही, तिच्यात वर्षानुवर्षांचा चहा आणि आलं-वेलची बसलेली असते. बाटलीच्या मानेखाली टॉर्च किंवा मेणबत्ती उभी करा. मग बाटली न हलवता तिरकी करून बारीक, अखंड धारेने ओता. मध्ये थांबून बाटली पुन्हा सरळ करू नका, तसं केलं की तळाचा गाळ ढवळतो. सुरुवातीला मानेतून जाणारी धार टॉर्चच्या उजेडात माणकासारखी लाल, आरपार दिसते. पाऊण बाटली ओतून झाली की खांद्याच्या आतल्या वळणावर एक काळपट रेघ सरकत येते. धुरासारखी आधी, मग कणीदार. ती मानेत शिरायच्या आत हात थांबवा. अर्धा कप वाइन मागे राहील, तिचा मोह धरू नका. चाळीसच्या पुढची बाटली ओतल्यावर तास-दोन तासांत प्यायला घ्यावी. वीस-तीस वर्षांची असेल तर तीन-चार तास उघडी राहू द्या. जड क्रिस्टलच्या जुन्या सुरईत शिसं असतं. तिच्यात पोर्ट संध्याकाळपुरती ठेवा, रात्रभर नको.

चाखायला बसताना खोलीत उदबत्ती नको, शेजारच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास नको, अंगाला अत्तर नको. आणि खर्रा तर नकोच. खर्रा खाल्लेल्या जिभेला पुढचे काही तास कशाचीच पारख उरत नाही, हे खाणाऱ्याला सांगून पटत नसतं, पण खरं आहे. जेवणाआधी, तोंड नुसत्या पाण्याने स्वच्छ करून बसा. ग्लास लांब दांडीचा, वरती निमुळता; त्यात साठ मिलीच्या आसपास, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ओता. बाकीची जागा वासासाठी.

पहिल्यांदा रंग. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा आणि कडेला बघा. तरुण व्हिंटेज जांभळी-काळी असते, आरपार दिसत नाही. वीस वर्षांनंतर मध्ये डाळिंबी आणि कडेला विटकरी छटा येते. चाळिशीनंतर कडा फिकट, नारिंगी होते, मध्यभागी मात्र लाली टिकलेली हवी. १९९४ची बाटली १९६३सारखी तपकिरी दिसत असेल तर ती वयाने नव्हे, उन्हाने म्हातारी झालेली आहे.

मग वास, आधी न हलवता आणि नंतर हलवून. इंग्रजी पुस्तकांतली वर्णनं वाचून बसू नका. ती त्यांच्या बागांतल्या फळांची आहेत आणि ती फळं आपण कधी खाल्लेली नाहीत. आपल्या घरात पुरेसा माल आहे. तरुण पोर्टमध्ये पिकलं जांभूळ आणि करवंद सापडतं. मुरलेलीत काळा मनुका, खारीक, सुकं अंजीर, वाळवलेली मोहाची फुलं, संत्र्याची वाळकी साल, लवंग, दालचिनी, कधी जायफळ. फार जुनीत जुनं चामडं, पानतंबाखू, अक्रोडाची साल. हे सगळं एका ग्लासात येत नाही. तीन-चार वास स्पष्ट वेगळे करता आले आणि दर दहा मिनिटांनी त्यांत एखादी भर पडत गेली, तर बाटली चांगली आहे. नाकात आधी स्पिरिटची झणक शिरत असेल तर थोडं थांबा. तासाभराने गेली तर ठीक. शेवटपर्यंत वेगळीच जाणवत राहिली तर मद्यार्क आणि वाइन एकजीव झालेलेच नाहीत.

दोष ओळखायला फार शिकावं लागत नाही. पावसात भिजलेला पुठ्ठा किंवा दमट गोणपाट यांचा वास आला तर बूच खराब होतं. वाइन कितीही वेळ उघडी ठेवली तरी तो जात नाही. नेलपॉलिशचा वास किंवा व्हिनेगरसारखी टोचणी अगदी थोडी असेल तर जुन्या बाटलीत चालून जाते, जास्त असेल तर नाही. आपल्या हवामानात सगळ्यात जास्त भेटणारा दोष म्हणजे तापलेल्या बाटलीचा. ताजं फळ नाहीसं, आणि त्याच्या जागी करपलेल्या गुळाचा, जास्त आटलेल्या मुरंब्याचा सपाट वास. पुष्कळांना हा वास आवडतो, कारण तो ओळखीचा आहे, आणि ते त्यालाच ‘जुनेपणा’ म्हणतात. जुनेपणात थर असतात. शिजलेल्या बाटलीत एकच सूर लागतो आणि तोच लागत राहतो.

आता घोट. छोटा घ्या, जिभेवर फिरवा, हिरड्यांपर्यंत जाऊ द्या. गोडी लगेच कळते, तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती सगळ्याच पोर्टमध्ये असते. गोडीच्या मागून तोंडाला पाणी सुटतं का ते बघा. तो आंबटपणा नसेल तर पोर्ट पाकासारखी चिकट, जड लागते. मग तुरटपणा. कच्चं जांभूळ चावल्यावर जीभ आखडते तसं झालं तर बाटली अजून लहान आहे. मुरलेल्या व्हिंटेजमध्ये तुरटपणा जातो असं नाही, तो मऊ होऊन हिरड्यांवर अगदी पातळ पसरतो. घशात जळजळ नको. वीस टक्के मद्य आहे ते छातीत ऊब म्हणून कळावं, जाळ म्हणून नव्हे. गिळल्यानंतर मनात आकडे मोजा. दहाच्या आत चव संपली तर साल कितीही मोठं असो, बाटली साधारण. तीसच्या पुढे चव टिकली आणि टिकताना बदलत गेली, म्हणजे आधी मनुका, मग संत्र्याची साल, मग लवंग, तर तुमच्या हातात चांगली चीज आहे.

निकाल एका घोटावर देऊ नका. ओतल्याबरोबर, तासाने आणि शक्य असल्यास तीन तासांनी असं तीनदा चाखा आणि प्रत्येक वेळी वहीत दोन ओळी लिहा: रंग, दोन-तीन वास, तुरटपणा, किती टिकली. गुण द्यायचे तर शंभरपैकी ९३ की ९४ या वादात मला रस वाटत नाही. मायकेल ब्रॉडबेंट हा जुन्या वाइनचा मोठा जाणकार पाच तारकांवर भागवायचा, आपल्यालाही तेवढं पुरे. मी तर चारच शब्दांत निकाल लिहितो: अजून कच्ची, ऐन भरात, उतरणीला, गेलेली. उतरणीची पोर्ट वाईट असते असं मुळीच नाही. फळ विरळ झालेलं, पण संत्र्याची साल आणि अक्रोड मागे रेंगाळणारे, अशी एखादी बाटली ऐन भरातल्या उद्धट बाटलीपेक्षा मला जास्त प्रिय. ‘गेलेली’ म्हणजे गोडी आणि दारू उरली, बाकी काही नाही.

सोबत खायला इंग्रजांकडे स्टिल्टन नावाचं निळ्या बुरशीचं चीज असतं. आपण अक्रोड, भाजलेले बदाम, गोडंबी घ्यावी. पुरणपोळी किंवा संत्राबर्फीबरोबर पोर्ट घेऊ नका, पदार्थ जास्त गोड असला की वाइन पातळ आणि आंबट वाटते. सावजीच्या जेवणानंतर तर त्या रात्री चाखण्याचा विचारच नको. इंग्रज टेबलावर सुरई डावीकडेच सरकवतात म्हणे. धामणगावात कुठूनही सरकवा.

थोडं कायद्याचं. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे पोर्टच्या दोन बाटल्या. आपल्या राज्यात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा. आणि बाटली घेऊन मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्याला बडनेऱ्यापासून जागं राहायला सांगा. डुलकी लागून धामणगाव सुटलं तर पुढे वर्धा नदी ओलांडून पुलगाव, आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

उघडलेली जुनी व्हिंटेज दुसऱ्या दिवशीपर्यंत, फार तर दोन दिवस बरी राहते. उरली तर लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. एका बाटलीत दहा-अकरा ग्लास निघतात, तेव्हा ती दोघांत उघडू नका, सहा-आठ माणसं बोलवा. आणि बाटली नेमकी एप्रिल-मे महिन्यात घरी आली तर शोकेस नको, माळा नको: थेट फ्रिजमध्ये. तिथे आंब्यांनी जागा अडवली असेल, तर त्याच आठवड्यात दोन दिवस उभी ठेवून ती उघडून टाका.